शीतपित्त, चिरकारी

शीतपित्त, चिरकारी : अंगावर एकाएकी उठणाऱ्या, अतिशय कंड सुटणाऱ्या व काही तासांत मागमूस न ठेवता मावळणाऱ्या गांधी हे ज्याचे प्रमुख लक्षण आहे, त्या त्वचाविकारास शीतपित्त म्हणतात. व्यवहारात यालाच ‘पित्त उठणे’ किंवा ‘अंगावर गांधी येणे’ असे म्हटले जाते. हा उपद्रव सहा आठवड्यांच्या आत थांबल्यास त्यास तीव्र शीतपित्त आणि त्याहून अधिक काळ, रोज किंवा वरचेवर, चालू राहिल्यास चिरकारी (दीर्घकालीन) शीतपित्त असे संबोधितात. दर पाच माणसांपैकी साधारणपणे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा शीतपित्त होते. त्यांपैकी बहुतेकांचा विकार तीव्र प्रकारचा असतो व थोड्याच दिवसांत बरा होतो. चिरकारी प्रकार शंभरात सुमारे एका व्यक्तीस होतो. तो स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो आणि वीस ते चाळीस या वयात त्याचे प्रमाण अधिक असते. तथापि लहान मुले व वृद्ध यांनाही तो होऊ शकतो. हा विकार संसर्गजन्य नाही.

चिरकारी शीतपित्ताच्या बहुसंख्य रुग्णांत विकाराचे बाह्य कारण कितीही शोधले, तरी सापडत नाही. या प्रकारास पूर्वी अज्ञातहेतुक म्हणत. आता त्यास स्वयंस्फूर्त चिरकारी शीतपित्त म्हणतात. कारण सापडत नाही म्हणून विकार समजलेला नाही किंवा त्यावर उपाय नाही, असा समज सर्वत्र आढळतो व तोच रुग्णाच्या हालअपेष्टांना बऱ्याच अंशी कारणीभूत होतो. वस्तुतः गांधी कशा उठतात हे आज पुष्कळसे ज्ञात आहे आणि कारण हाती न लागताही विकार आटोक्यात ठेवता येतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे याच प्रकाराचा विचार केला आहे.

इतिहास व संज्ञा : हा विकार प्राचीन काळापासून ज्ञात आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांनी आग्यासारख्या दाहक वनस्पतीच्या स्पर्शाने उठणाऱ्या फोडांशी या गांधींची तुलना केली होती. याच कल्पनेवरून, ‘अर्टिका’ या दाहक केस असलेल्या वनस्पतीच्या लॅटिन नावापासून, ‘अर्टिकॅरिया’ ही पाश्चात्त्य वैद्यकातील संज्ञा आली व अठराव्या शतकात ती रूढ झाली. खाजकुइलीचा स्पर्श ज्याला झाला आहे, त्यास ही तुलना सहज पटेल. भारतीय वैद्यकात माधवनिदान या ग्रंथात शीतपित्त, उदर्द व कोठ यांचे एकत्र विवेचन असून थंड वाऱ्याच्या स्पर्शाने प्रकुपित झालेले दोष त्यास कारण मानले आहेत. गांधीलमाशीच्या दंशासारखी सूज हे त्यात दिलेले वर्णन आजही अचूक ठरते. गांधी वरचेवर उठत राहण्याच्या प्रवृत्तीचीही तेथे ‘उत्कोठ’ या नावाने स्वतंत्र नोंद आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. नावात ‘पित्त’ हा शब्द असल्यामुळे यकृतात तयार होणारा पित्तरस किंवा जठरातील आम्लता यांचा या विकाराशी संबंध जोडला जातो व आम्लतेवरील औषधे घेतली जातात. आयुर्वेदातील पित्त ही दोषकल्पना आहे; पित्तरस अथवा जठराम्ल हे पदार्थ गांधी उत्पन्न करीत नाहीत.

लक्षणे : गांध म्हणजे त्वचेच्या वरच्या थरांतील मर्यादित सूज होय. ती मसुराच्या दाण्याएवढी लहान किंवा तळहाताहून मोठी असू शकते. मध्यभाग फिकट, कडा लालसर व पृष्ठभाग गुळगुळीत असतो. शेजारच्या गांधी एकमेकींत मिसळून नकाशासारख्या वेड्यावाकड्या आकृती तयार होतात. निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणतीही एक गांध चोवीस तासांहून अधिक काळ टिकत नाही. ती मावळल्यावर तेथे डाग, खपली किंवा व्रण राहत नाही. मात्र एक गांध मावळत असताना दुसरीकडे नवी उठत असल्यामुळे रुग्णास पुरळ दिवसच्या दिवस अंगावर असल्याचा भास होतो. कंड बहुधा सायंकाळी व रात्री वाढतो.

सुमारे निम्म्या रुग्णांत त्वचेच्या खोल थरांतही सूज येते. तीस वाहिनीशोफ म्हणतात. जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंक यांनी १८८२ मध्ये तिचे वर्णन केले. ओठ, पापण्या, हात, पाय व जननेंद्रिये या जागी ती विशेषेकरून दिसते. तीत कंडापेक्षा ताण किंवा वेदना जाणवते व ती ओसरण्यास तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. सकाळी उठल्यावर आरशात आपलाच चेहरा ओळखू न येणे, हा अनुभव रुग्णास अतिशय भयभीत करणारा असतो. स्वयंस्फूर्त प्रकारात ही सूज श्वासमार्ग बंद पाडण्याइतकी क्वचितच वाढते. तरीही श्वास घेण्यास अडथळा, आवाज बसणे, जीभ सुजणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते, कारण ही लक्षणे ॲलर्जीच्या गंभीर प्रतिक्रियेची असू शकतात [⟶ ॲलर्जी].

विकृतिविज्ञान : गांध उत्पन्न करणारी प्रमुख घटक म्हणजे मास्ट कोशिका (शरीराच्या संयोजी ऊतकातील एक विशिष्ट प्रकारची कोशिका) होय. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये या कोशिकांचे वर्णन केले. त्या कणिकांनी गच्च भरलेल्या दिसल्यामुळे त्यांनी त्यांना ‘खाऊन पुष्ट झालेल्या’ अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. या कोशिका अंतस्त्वचेत सूक्ष्म रक्तवाहिन्या व तंत्रिका (मज्जा) यांच्या लगत वसलेल्या असतात. त्यांच्या कणिकांत हिस्टामीन व इतर प्रक्षोभक द्रव्ये साठविलेली असतात. कोशिका उद्दीपित झाली म्हणजे काही मिनिटांतच कणिका रित्या होऊन ही द्रव्ये आसपासच्या ऊतकात पसरतात. हिस्टामिनामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात, म्हणून त्वचा लाल होते. त्यांच्या भित्तींतील फटी रुंदावून रक्तद्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज येते. आणि तंत्रिकांची टोके चेतविली जातात, म्हणून कंड सुटतो. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक टॉमस लूइस यांनी १९२० नंतरच्या दशकात त्वचेच्या या तिहेरी प्रतिक्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला. झिरपलेला द्रव पुन्हा शोषला गेला म्हणजे गांध नाहीशी होते. ऊतकाचा नाश झालेला नसल्यामुळे मागे खूण उरत नाही.

मास्ट कोशिका उद्दीपित होण्याचा सर्वपरिचित मार्ग ॲलर्जीचा आहे. त्यात बाहेरून आलेल्या प्रतिजनाविरुद्ध तयार झालेली आयजीई वर्गाची प्रतिपिंडे कोशिकेच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटलेली असतात. तो प्रतिजन पुन्हा आला की कोशिका स्राव सोडते. आयजीई प्रतिपिंडांचा शोध १९६६–६७ मध्ये लागला. अंडे, मासे, शेंगदाणे किंवा पेनिसिलीन यांमुळे काही मिनिटांत उठणाऱ्या तीव्र शीतपित्ताचा उलगडा या मार्गाने होतो. चिरकारी प्रकारातही असाच एखादा प्रतिजन दडलेला असला पाहिजे, असे अनेक वर्षे गृहीत धरले जात होते. परंतु तो सापडत नसे.

या कोड्यावर पुढील संशोधनाने प्रकाश पडला. काही रुग्णांचा स्वतःचाच रक्तरस त्यांच्या त्वचेत टोचला असता तेथे गांध उठते, असे १९८० नंतरच्या दशकात दिसून आले. १९९३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी काही रुग्णांच्या रक्तात मास्ट कोशिकेवरील आयजीई ग्राहीविरुद्धच तयार झालेली प्रतिपिंडे असल्याचे दाखवून दिले. ही प्रतिपिंडे बाह्य प्रतिजनाची वाट न पाहता कोशिकेस थेट उद्दीपित करतात. इतर काही रुग्णांत आयजीई प्रतिपिंडेच शरीरातील स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध तयार झालेली आढळतात. सारांश, बऱ्याच रुग्णांत हा आत्मप्रतिरक्षेचा, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने स्वतःच्याच घटकांवर रोख धरण्याचा विकार आहे [⟶ प्रतिरक्षा]. अवटू ग्रंथीचे आत्मप्रतिरक्षाजन्य विकार या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात, ही गोष्टही यास पोषक आहे. तथापि ही यंत्रणा एखाद्या व्यक्तीत अमुक वेळी का बिघडते आणि काही वर्षांनी आपोआप का निवळते, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

कारणांचा शोध : वरील विवेचनावरून बाह्य कारणाचा शोध बहुधा निष्फळ का ठरतो, हे ध्यानात येईल. रुग्ण मात्र प्रत्येक गांधीमागे काहीतरी कारण असलेच पाहिजे या भावनेने आदल्या दिवशीचे जेवण, साबण, कपडे, धूळ, पाणी यांचा मागोवा घेत राहतो. गांधी रोजच उठत असल्यामुळे त्या उठण्यापूर्वी काही ना काही खाल्लेले असतेच. म्हणून कोणत्याही पदार्थावर संशय घेणे सोपे असते. वांगी, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, दही, अंडी, मासे, आंबट पदार्थ असे एकामागून एक वर्ज्य होत जातात. योगायोगाने चार दिवस गांधी कमी झाल्या, तर पथ्य लागू पडल्याचे वाटते. पुन्हा उठल्या, की आणखी एक पदार्थ सोडला जातो. अशा रीतीने आहार संकुचित होऊन अशक्तता व पांडुरोग (रक्तक्षय) ओढवू शकतो. वाढत्या वयाची मुले व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत हे विशेष हानिकारक असते. चिरकारी शीतपित्त अन्नाच्या खऱ्या ॲलर्जीमुळे क्वचितच होते. एखादा पदार्थ प्रत्येक वेळी खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात गांधी उठत असतील आणि न खाल्ल्यास उठत नसतील, तरच त्यावर संशय घेणे योग्य होय. अनेक पदार्थांची सरसकट रक्ततपासणी करून घेतल्याने या विकारात बहुधा दिशाभूलच होते, कारण एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे आढळणे म्हणजे तो पदार्थ गांधींचे कारण असणे नव्हे.

विकाराचे मूळ कारण आणि तो तात्पुरता वाढविणाऱ्या गोष्टी यांत भेद करणे आवश्यक आहे. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी पुष्कळदा ओळखता येतात. ॲस्पिरीन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी अनेक रुग्णांचा त्रास बळावतो. वेदना किंवा ताप यांसाठी त्यांना पॅरासिटामॉल बहुधा सोसते. कोडीन व मॉर्फीन यांनी मास्ट कोशिकांतून हिस्टामीन थेट बाहेर पडते. सर्दी, पडसे यांसारखे संसर्ग, उष्मा, घट्ट कपडे, मद्यपान व मानसिक ताण यांनीही गांधी वाढतात. मानसिक ताण हा विकाराचा जनक नव्हे. परंतु विकारामुळे ताण वाढतो व ताणामुळे विकार, असे चक्र निर्माण होते. ‘हे सर्व मनाचे खेळ आहेत’ असे रुग्णास सांगणे म्हणूनच अशास्त्रीय व अन्यायकारक आहे.

काही रुग्णांत गांधी ठराविक भौतिक उद्दीपनानेच उठतात. त्यांच्या विकारास प्रेरित शीतपित्त म्हणतात. त्वचेवर बोथट वस्तूने रेघ ओढली असता तेथे फुगीर रेघ उमटणे (त्वचालेखन), गार पाणी किंवा वारा, सूर्यप्रकाश, कमरपट्ट्याचा वा पिशवीच्या बंदाचा दाब, तसेच व्यायामाने वा गरम पाण्याने अंग तापून घाम येणे ही त्याची उदाहरणे होत. शीतजन्य प्रकारात गार पाण्यात पोहणे धोक्याचे असते, कारण सर्वांगावर एकदम प्रतिक्रिया होऊन रुग्ण पाण्यातच बेशुद्ध होण्याचा संभव असतो.

निदान : रुग्णाची हकीकत व त्वचेचे निरीक्षण यांवरून निदान बहुतेक वेळा निश्चित करता येते. वैद्याकडे पोहोचेपर्यंत गांधी मावळलेल्या असतात, ही रुग्णांची नेहमीची अडचण असते. त्यासाठी गांधी उठल्या असताना त्यांचे छायाचित्र घेऊन ठेवणे उपयुक्त ठरते. एखाद्या गांधीभोवती पेनाने रेघ काढून ती किती तासांनी मावळते हे पाहिले, तर निदानास मोठीच मदत होते. रक्तकोशिकांची गणना व दाहसूचक तपासणी, तसेच तज्ञाच्या सल्ल्याने अवटू ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे व एकूण आयजीई यांचे मापन, एवढ्या मोजक्या तपासण्या सर्वसाधारणपणे पुरेशा असतात.

कंड सुटणाऱ्या इतर विकारांपासून शीतपित्त वेगळे ओळखले पाहिजे. खरजेत कंड रात्री असह्य होतो, बोटांच्या बेचक्यांत व मनगटांवर बारीक पुरळ असते आणि घरातील इतरांनाही ती झालेली असते. गजकर्णाचे चट्टे कडेने वाढत जातात व एकाच जागी टिकून राहतात. इसबात त्वचा कोरडी, जाड व खरबरीत होते किंवा तीतून लस वाहते. संपर्कजन्य त्वचाशोथात पुरळ स्पर्श झालेल्या जागी उठते व कित्येक दिवस टिकते. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण गाजरगवताचे होय. १९५५ च्या सुमारास पुण्याच्या परिसरात प्रथम आढळलेल्या या तणामुळे चेहरा, मान व हात या उघड्या भागांवर हट्टी त्वचाशोथ होतो. तेथे बाह्य कारण खरोखरच असते व ते टाळल्यास लाभ होतो. स्वयंस्फूर्त शीतपित्ताची गोष्ट याहून भिन्न आहे. पुरळ नसताना सर्वांगास खाज सुटत असल्यास यकृत, वृक्क (मूत्रपिंड), अवटू ग्रंथी व रक्त यांच्या विकारांचा शोध घ्यावा लागतो. गांध चोवीस तासांहून अधिक टिकत असेल, तीत कंडापेक्षा वेदना व जळजळ अधिक असेल किंवा मावळताना काळसर डाग उरत असेल, तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या शोथाची शंका घेऊन त्वचेचा तुकडा काढून तपासतात. गांधींबरोबर वारंवार ताप येणे, सांधे दुखणे किंवा वजन घटणे हेही अधिक तपासणीचे कारण होय. गांधी मुळीच नसताना नुसताच वाहिनीशोफ होत असल्यास आनुवंशिक विकार आणि रक्तदाबावरील काही औषधे यांचा विचार करावा लागतो.

विकाराची तीव्रता मोजण्यासाठी रुग्णाने स्वतः ठेवावयाची एक साधी पद्धत रूढ आहे. दररोज गांधींची संख्या आणि कंडाची तीव्रता यांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात व सात दिवसांची बेरीज करतात. ती ० ते ४२ यांच्या दरम्यान येते. ‘त्रास फार आहे’ या मोघम तक्रारीपेक्षा अशा टाचणावरून औषध लागू पडते की नाही, हे अधिक चांगले ठरविता येते.

चिकित्सा : विकार आपोआप निवळेपर्यंत गांधी व कंड यांपासून रुग्णास पूर्णपणे मुक्त ठेवणे, हे चिकित्सेचे उद्दिष्ट असते. हिस्टामीनरोधी औषधे हा तिचा पाया होय. फ्रान्समध्ये कार्य करीत असताना डान्येल बोव्हे यांनी १९३७ मध्ये या वर्गातील पहिल्या द्रव्यांचा शोध लावला. १९५७ मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कार्याचाही अंतर्भाव होता. क्लोरफेनिरामीन, हायड्रॉक्सिझीन यांसारख्या जुन्या औषधांनी गुंगी येते व दुसऱ्या दिवशीही एकाग्रता मंदावते. त्यामुळे वाहन चालविणारे, यंत्रावर काम करणारे व विद्यार्थी यांना ती विशेष गैरसोयीची असतात. सेटिरिझीन, लोरॅटिडीन, फेक्सोफेनाडीन, बिलास्टीन यांसारख्या नंतरच्या पिढीतील औषधांत हा दोष कमी किंवा जवळजवळ नसतो. म्हणून आता त्यांनाच प्राधान्य देतात.

ही औषधे कशी घ्यावीत, याला फार महत्त्व आहे. गांधी उठल्यावर गोळी घेणे व त्या मावळल्या की थांबविणे, ही सर्वसामान्य रीत चुकीची आहे. हिस्टामीन एकदा ग्राहींवर पोहोचल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग अल्प असतो. औषध अगोदरच रक्तात असले, तर ते ग्राहींना हिस्टामिनापासून दूर ठेवते. म्हणून गोळी दररोज, गांधी असोत वा नसोत, घ्यावी लागते. नेहमीच्या मात्रेने दोन ते चार आठवड्यांत आराम न पडल्यास वैद्याच्या देखरेखीखाली नव्या पिढीतील औषधाची मात्रा चौपटीपर्यंत वाढविता येते. ही वाढ रुग्णाने आपल्या मनाने करू नये. दीर्घकाळ गोळ्या घेतल्याने सवय जडते, ही भीती निराधार आहे.

या उपायांनी आराम न पडणाऱ्यांसाठी ओमालिझुमॅब हे औषध चार आठवड्यांतून एकदा त्वचेखाली टोचतात. ते रक्तातील मुक्त आयजीई प्रतिपिंडांना बांधून ठेवते, त्यामुळे मास्ट कोशिकांची उद्दीपनक्षमता घटते. चिरकारी शीतपित्तासाठी त्यास २०१४ मध्ये अमेरिकेत व यूरोपात मान्यता मिळाली. अनेक रुग्णांना त्याने काही आठवड्यांतच आराम पडतो. परंतु त्याची किंमत अधिक असल्याने ते सर्वांच्या आवाक्यात नाही. सायक्लोस्पोरीन हे प्रतिरक्षा दडपणारे औषधही हट्टी विकारात वापरतात. मात्र त्या वेळी रक्तदाब व वृक्कांचे कार्य यांवर लक्ष ठेवावे लागते. २०२५ मध्ये अमेरिकेत ड्युपिलुमॅब हे टोचण्याचे आणि रेमिब्रुटिनिब हे पोटात घेण्याचे अशी आणखी दोन औषधे या विकारासाठी मान्य झाली.

प्रेडनिसोलोन व तत्सम स्टेरॉइड औषधांनी गांधी झपाट्याने मावळतात, म्हणून त्यांचा मोह पडतो. विकार अतिशय उसळला असता ती थोडे दिवस देणे योग्य असते. परंतु महिनोन् महिने घेतल्यास मधुमेह, रक्तदाबवाढ, हाडांची ठिसूळता, मोतीबिंदू इ. उपद्रव होतात आणि औषध थांबविताच गांधी पुन्हा उठतात. स्टेरॉइडयुक्त मलमांचा शीतपित्तात उपयोग नाही. निदान न करता ती वापरल्यास गजकर्णासारखे विकार मात्र बळावतात. घटक न सांगितलेल्या गुणकारी पुड्यांनी तत्काळ आराम पडल्यास तीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्रात व गोव्यात आमसुलाचे (कोकमाचे) पाणी अंगास चोळण्याचा घरगुती उपाय पूर्वापार चालत आला आहे. काही ठिकाणी गेरूही लावतात. अशा लेपांनी व गार पाण्याच्या घड्यांनी त्वचेस थंडावा मिळून कंड काही वेळ शमतो, म्हणून शीतजन्य प्रकार नसल्यास ते करण्यास हरकत नाही. नव्या गांधी उठण्याचे त्यामुळे थांबत नाही.

रुग्णाचे दैनंदिन जीवन : या विकाराने जीवितास सहसा धोका नसतो, म्हणून तो क्षुल्लक मानला जातो. प्रत्यक्षात दीर्घकाळ रात्रीची झोप न मिळाल्याने रुग्ण थकतो, चिडचिडा होतो, त्याचे कामात लक्ष लागत नाही. गांधी केव्हा उठतील याचा नेम नसल्यामुळे लग्नसमारंभ, प्रवास, परीक्षा, मुलाखत अशा प्रसंगी तो धास्तावलेला असतो. चेहऱ्यावर पुरळ असता चारचौघांत जाणे तो टाळू लागतो. हा रोग स्पर्शाने जडतो या गैरसमजापायी त्याची भांडी, टॉवेल वा अंथरूण वेगळे ठेवले जाते. त्यास काहीही आधार नाही. रुग्णांपैकी अनेकांत चिंता व विषण्णता आढळते व तिच्यावरही उपचार करणे आवश्यक असते. तपासण्यांत काहीच सापडले नाही, हे ऐकून रुग्णास आपल्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही असे वाटते. तपासण्या निर्दोष येणे हे या विकाराचे नेहमीचेच चित्र असून त्याचा अर्थ शरीरातील इतर इंद्रिये सुस्थितीत आहेत एवढाच होतो, हे वैद्याने त्यास समजावून सांगितले पाहिजे.

साध्या उपायांनी कंड सुसह्य होतो. सैल व सुती कपडे घालणे, कढत पाण्याऐवजी कोमट पाण्याने स्नान करणे, झोपण्याची जागा हवेशीर ठेवणे, नखे आखूड कापणे आणि खाजविण्याऐवजी त्या जागी तळहाताने हलके दाबणे अथवा ओला कपडा ठेवणे हे त्यांपैकी होत. खाजविल्याने मास्ट कोशिका आणखी चेतविल्या जाऊन कंड वाढतो. वाढविणाऱ्या औषधांची यादी रुग्णाने जवळ बाळगावी व दुसऱ्या कोणत्याही व्याधीसाठी वैद्याकडे गेल्यास ती दाखवावी. आहार मात्र चौरस ठेवावा. गरोदरपणी व स्तनपानाच्या काळात गोळ्या आपण होऊन बंद न करता वैद्याचा सल्ला घ्यावा, कारण लोरॅटिडीन, सेटिरिझीन यांसारखी काही औषधे या काळातही देता येतात.

फलानुमान : चिरकारी शीतपित्त बहुतेक रुग्णांत एक ते पाच वर्षे टिकते व पुढे आपोआप थांबते, काहींत मात्र ते दहा वर्षांहून अधिक काळ चालू राहते. वाहिनीशोफ असणाऱ्यांत व दाबाने गांधी उठणाऱ्यांत ते अधिक काळ रेंगाळण्याचा संभव असतो. थांबल्यावर काही वर्षांनी ते पुन्हा उद्‌भवू शकते. उपचारांमुळे हा कालावधी कमी होतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु तो काळ शांत झोपेचा व कामाचा जाऊ शकतो. म्हणून ठराविक काळाने औषध हळूहळू कमी करून पाहतात. गांधी पुन्हा उठल्यास पूर्वीची मात्रा चालू करतात व न उठल्यास विकार निवळला असे समजून औषध थांबवितात. ज्याप्रमाणे विकाराचा आरंभ कारणाविना झालेला दिसतो, त्याप्रमाणे त्याचा शेवटही बहुधा तसाच, कोणत्या दिवशी झाला हे रुग्णास सांगता येऊ नये, अशा रीतीने होतो.